आधी कान, मग घुमट: खाजनाच्या बांधावर नादप्रयोग कसा उभा करावा

पहिल्या वर्षी आमचा नादप्रयोग, म्हणजे उघड्यावर त्या जागेच्या आवाजांसोबत करायचा कार्यक्रम, साफ फसला. गोव्यातल्या चोडण बेटावर एका खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेताच्या, बांधावर आम्ही पंचवीसजण जमलो होतो. सात घुमटं (मडक्याला कातडं बसवलेलं गोव्याचं वाद्य), काठ्यांनी वाजवायचे दोन शामेळ, चार जोड कांसाळी म्हणजे झांजा आणि भाड्याने आणलेले दोन अगडबंब स्पीकर. विषय ‘माणूस आणि निसर्ग’. चाळीस मिनिटं दणकून वाजवलं, लोकांनी टाळ्याही वाजवल्या. सामान आवरताना बांधाची राखण करणारे एक आजोबा जवळ आले आणि म्हणाले, “बरें जालें. पूण तुमी येवचे आदीं हांगा टिटवी उलयताली, ती खंय गेली?”

टिटवी गेली होती. बगळेही त्या रात्री पलीकडच्या खारफुटीत उतरले. निसर्गावरचा कार्यक्रम करताना आम्ही निसर्गाला हुसकून लावलं होतं.

पुढच्या चार वर्षांत जे शिकलो ते इथे लिहितो आहे. नाट्यमंडळ, शाळा, भजनी मंडळ किंवा चार मित्र, कुणालाही जमण्यासारखं आहे. पैसा फारसा लागत नाही. वेळ मात्र लागतो. तयारीला दोन महिने धरा.

जागा: देखणी नको, बोलकी हवी

गोव्यात निसर्ग म्हटलं की लोक धबधबा नाहीतर समुद्र सुचवतात. दोन्ही टाळा. दूधसागर ३१० मीटर उंचीवरून कोसळतो, डोळे निवतात, पण त्याच्या पायथ्याशी दुसरं काहीही ऐकू येत नाही. पाण्याचा तो सरसकट घोष सगळे स्वर गिळतो. किनाऱ्यावर लाटांचं तेच, वर शॅकमधलं संगीत. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे तर कासवं अंडी घालायला येतात. त्या हंगामात रात्री तिथे दिवे आणि वाद्यं नेणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

देवराईबद्दल माझं मत थोडं कडक आहे. सत्तरी तालुक्यातल्या बांबर गावच्या निरंकाराच्या राईत रानजायफळाची झाडं पाण्यात पाय सोडून उभी आहेत, दलदलीतून त्यांची मुळं गुडघ्यासारखी वर आलेली असतात. तिथे जावं, बसावं, ऐकावं आणि परत यावं. प्रयोग दुसरीकडे करावा. प्रत्येक सुंदर जागा आपल्या कार्यक्रमासाठी रिकामी ठेवलेली नसते.

आम्ही खाजन निवडलं, कारण तिथे माणूस आणि पाणी यांचा जुना व्यवहार आजही चालू आहे आणि तो कानाला कळतो. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. नदीमुखाजवळची सखल खारी जमीन माती-चिऱ्यांचे बांध घालून शेतीखाली आणली, ती खाजन. बांधात ठरावीक जागी लाकडी दारांची मोरी असते, तिला मानस म्हणतात. भरती आली की बाहेरचं पाणी दारं दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने तीच दारं उघडतात. कुणी कळ दाबत नाही. रोज दोनदा चंद्रच दार लावतो आणि दोनदा उघडतो. दारं उघडताना पाणी खाकरतं, बंद होताना लाकूड लाकडावर ‘धप्प’ आपटतं. त्या धप्पवरच आमचा अख्खा प्रयोग उभा आहे.

तुमच्या गावात खाजन नसेल तर तळी, ओहोळ, बंद पडलेली चिरेखाण, काजूची बागायत, काहीही चालेल. अट एवढीच की त्या जागेचा स्वतःचा आवाज हवा आणि तिथे पोट भरणारं, राखण करणारं कुणीतरी माणूस हवं. चिरेखाणीचा आणखी एक फायदा: सरळ कापलेल्या भिंतींमुळे प्रतिध्वनी स्वच्छ मिळतो. भिंत सतरा-अठरा मीटरवर असली की आवाज जाऊन यायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, तेवढ्यात तो मूळ आवाजापासून सुटा ऐकू येतो. पावसाळ्यात मात्र खाणीत पाणी भरतं आणि कडा ढासळतात, तेव्हा मुलांना घेऊन जाऊ नका.

चोडणचं नाव घेतलंच आहे तर हेही सांगतो: बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीत काहीही करायचं नाही. आमचा बांध तिथून बराच लांब आहे, तरी पहिल्या वर्षीच्या स्पीकरचा आवाज पाण्यावरून कुठवर गेला असेल याचा विचार करून आजही कान लाल होतात.

ऐकण्याची वही

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि तिथेच कार्यक्रम बिघडतो. वाद्यं घरी ठेवा. किमान सहा वेळा जागेवर जाऊन नुसतं बसा: दोनदा पहाटे, एकदा टळटळीत दुपारी, तीनदा संध्याकाळी. त्यातली एक खेप भरतीला, एक ओहोटीला. दर वेळी निदान वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं काहीच ऐकू येत नाही, डोक्यातली घरची कामंच वाजत राहतात. सहाव्या मिनिटापासून जागा उघडायला लागते.

कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९७०च्या आसपास व्हँकुव्हरमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन असंच काम सुरू केलं. एखाद्या जागेचे सगळे आवाज मिळून एक नादचित्र होतं आणि ते वाचता येतं, ही त्यांची मांडणी. अमेरिकेचे बर्नी क्राऊस यांनी रानावनात वर्षानुवर्षं ध्वनिमुद्रण केलं आणि या आवाजांचे तीन भाग केले: वारा-पाणी-माती यांचा आवाज, जीवजंतूंचा आवाज, माणसाचा आणि त्याच्या यंत्रांचा आवाज. वहीत तीन रकाने आखा, नावं आपल्या भाषेत द्या. आमच्या वहीत ‘पाणी-वारा’, ‘जीव’ आणि ‘आम्ही’ असे रकाने आहेत. डिसेंबरातल्या एका पानावरच्या नोंदी उतरवतो:

“५.४० मानशीतून पाणी. धबधब नव्हे, घसा खाकरल्यासारखं. ५.५२ बगळे खारफुटीत उतरताना भांडतात. ५.५५ फेरीबोटीचा रॅम्प आपटला, बेटभर ऐकू आला. ६.०३ टिटवी, दोनदा. ६.१० रातकिडा, एक. ६.१४ रातकिडे, मोजता येत नाहीत. ६.२० विमान. ६.४८ मानस बंद. धप्प. त्यानंतर पाण्याचा आवाज एकदम बंद, जणू कुणी पंखा बंद केला.”

या एका पानावरून तीन गोष्टी कळल्या. सवासहापासून वरच्या पट्टीत रातकिड्यांचं राज्य असतं, तेव्हा कांसाळी वाजवून उपयोग नाही, दोघं एकाच जागेसाठी भांडतात. मधल्या पट्टीत पक्षी साडेसहानंतर गप्प होतात, तिथे माणसाच्या गळ्याला जागा आहे. आणि अगदी खाली, खर्जात, पाणी थांबल्यानंतर काहीच नसतं. ती जागा घुमटाची. क्राऊस यांचं म्हणणं असं की निरोगी रानात प्रत्येक जीव आपापल्या पट्टीत आणि आपापल्या वेळेला बोलतो, एकमेकांवर कुरघोडी करत नाही. ते सगळीकडे तंतोतंत लागू पडतं की नाही यावर अभ्यासकांनी वाद घालावा. आपल्याला वाद्यं कुठे बसवायची याचं ते उत्तम कोष्टक आहे.

वहीचा दुसरा भाग माणसांकडून भरायचा. गावातल्या साठीपुढच्या पाच-सहा जणांना एकच प्रश्न विचारा: “तुमच्या लहानपणी इथे काय ऐकू यायचं?” ‘निसर्ग’ हा शब्द काढू नका, तो काढला की सगळे भाषण द्यायला लागतात. आम्हाला मिळालेल्या उत्तरांत कोल्हेकुई होती, रात्री मानशीवर जाळं लावणाऱ्यांच्या हाका होत्या, आणि बार्जेस होत्या. मांडवीतून खनिजाच्या बार्जेस मुरगावकडे जायच्या, त्यांच्या इंजिनाचा घरघराट रात्रंदिवस चालायचा. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हा तो थांबला. एका मावशींनी सांगितलं की पहिले आठ दिवस त्यांना झोपच लागली नाही, फार शांत वाटायचं म्हणून. घरात टिपर चालवणारा मुलगा बेकार बसला होता, तेही त्या शांततेत होतंच. आमच्या प्रयोगात एक जागा त्या घरघराटाला आहे. शांत म्हणजे चांगलं आणि यंत्र म्हणजे वाईट, इतकं सोपं नसतं हे त्या मावशींकडून शिकलो.

कोण हवं, किती हवं

वीस ते पंचवीस माणसं पुरेत. आमची जुळणी अशी: घुमटवाले चार, शामेळ एक, ढालो (बायकांचं नाचत म्हणायचं गाणं) घालणाऱ्या बायका दहा, शाळेतली मुलं सहा, ध्वनिमुद्रण करणारा एक. शिवाय दोन ‘कानकरी’. हा शब्द आमच्यात रुळला आहे. कानकऱ्याने काही वाजवायचं नाही. त्याने फक्त ऐकायचं आणि हाताने खूण करून इतरांना थांबवायचं. सगळ्यात अवघड काम हेच, त्यामुळे ते सगळ्यात चांगल्या वादकाला द्या.

ढालोवाल्या बायका या कामात मुळातच पारंगत आहेत. पौषाच्या रात्री मांडावर दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, कमरेत हात गुंफून पुढे-मागे होतात. एका रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. वाद्य एकही नाही. समोरच्याचं संपेपर्यंत थांबण्याची सवय त्यांच्या पायात आहे. उलट घुमट आरतीत वाढलेल्या आमच्यासारख्यांना थांबणं जड जातं, आमचा हात चवथीतल्यासारखा चढत जातो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. मांड ही पवित्र जागा आहे. काही गाणी मांडावरच म्हणायची असतात, बाहेर न्यायची नसतात. कुठली चालतील ते त्या बायका ठरवतील, तुम्ही नाही. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी तीन गाणी सरळ नाकारली आणि धरित्रीचं एक गाणं दिलं, तेही फक्त पहिल्या चार ओळी. तेवढं पुरलं. मानधन सगळ्यांना सारखं द्या. घुमटवाल्याला हजार आणि बायकांना साडी-नारळ हा प्रकार अनेक ठिकाणी पाहिला आहे, तो करू नका.

घुमटाच्या कातड्याविषयी

माणूस आणि निसर्ग यांचं नातं कुठे शोधायचं असेल तर घुमटातच शोधा. कुंभाराने भाजलेलं मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, लहान तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर वाजवायचं, दुसऱ्या हाताच्या पंजाने लहान तोंड झाकत-उघडत आतली हवा कोंडायची, सोडायची. त्या उघडझापीतून त्याचा तो ओला, पोटातून येणारा ‘घुंम’ निघतो.

हे कातडं पूर्वी घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आता बकरीचं कातडं लावतात. गोवा सरकारने २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला तो या बदललेल्या घुमटाला. जुने वादक आजही कुरकुरतात की बकरीच्या कातड्याला ती धार नाही. खरं आहे, आवाज वेगळा लागतो, थोडा जाड. मला मात्र हा जाड आवाजच या प्रयोगाला योग्य वाटतो. कुठल्या तरी प्राण्याने जागा सोडावी म्हणून वाद्याने आपला सूर बदलला, अशी उदाहरणं आपल्या संगीतात किती आहेत? आम्ही ही गोष्ट प्रयोगाआधी मुलांना सांगतो, प्रयोगात सांगत नाही.

व्यवहाराची बाजू: बांधावर संध्याकाळी दव पडतं आणि कातडं ढिलं होतं. घुमट दुपारी उन्हात ठेवून न्या, शिवाय एका पाटीत थोडे निखारे घेऊन जा. बांधावर उघडी शेकोटी पेटवू नका, जानेवारीत गवत वाळलेलं असतं.

ध्वनिमुद्रण: थोडं सामान, थोडी शिस्त

फोन चालतो. आधी हे सांगतो, कारण सामानाच्या चर्चेत लोक महिना घालवतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, दगडावर जुना टॉवेल घालून ठेवा आणि पाच पावलं मागे सरका. छोटा हँडी रेकॉर्डर मिळाला तर उत्तम. वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट एवढी मांडणी पुरते. सगळ्यात मोठ्या आवाजाला काटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. माइकवर लोकरी टोपी हवीच, नाहीतर खाडीवरचा वारा फडाफडा सगळं खाऊन टाकतो. वारा कापण्यासाठी खालचे सूर गाळणारी कळ असते, ती घुमट वाजत असताना बंद ठेवा. दुसऱ्या वर्षी ती चालू राहिली आणि घुमट पत्र्याच्या डब्यासारखं मुद्रित झालं.

पाण्याखालचं ऐकायचं असेल तर पिझो चकती, म्हणजे कंपनांचं विजेत रूपांतर करणारी पातळ चकती, वापरा. २७ मिलिमीटरची चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. तिला लांब वायर डाख देऊन जोडा, वर नेलपॉलिशचे तीन-चार थर द्या, वाळल्यावर गरम गोंदाने पूर्ण झाका. एक थेंब पाणी आत गेलं तर ती मेली, म्हणून चार करा. थेट रेकॉर्डरला जोडली तर खर्ज कमी येतो, मध्ये छोटा प्रीअँप (बारीक आवाज वाढवणारा संच) असेल तर फरक पडतो. उष्ण प्रदेशातल्या खाड्यांत एक लहान झिंगा असतो, तो एक नांगी इतक्या वेगाने मिटतो की पाण्यात बुडबुडा फुटून चट् असा आवाज होतो. असे हजारो झिंगे मिळून लाह्या भाजल्यासारखा कडकडाट करतात. मुलांनी पहिल्यांदा हेडफोन लावून तो ऐकला तेव्हा एकीने खाली वाकून पाण्यात बघितलं, आग लागली आहे का म्हणून.

दोन गोष्टी करायच्या नाहीत. पक्ष्यांचे मुद्रित आवाज त्यांच्याच जागेत मोठ्याने वाजवायचे नाहीत. पक्ष्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, तो घरटं सोडून भांडायला येतो. आणि नेमक्या ठिकाणाचा पत्ता देऊन मुद्रण नेटवर टाकायचं नाही. पावसाळ्यात हेच काम केलंत तर ते विशेष पाळा. मोठ्या बेडकांची शिकार गोव्यात कायद्याने बंद आहे, तरी चोरून होते. कुठल्या शेतात किती डरांव डरांव चालू आहे ही माहिती नको त्या माणसाच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

आराखडा: घड्याळ चंद्राचं

प्रयोगाची तारीख हॉल रिकामा बघून ठरवतो तशी ठरवता येत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टकं असतात, त्यातलं मुरगावचं पान बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आमच्याकडे ओहोटीचा तळ साधारण संध्याकाळी येतो. दर दिवशी वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. नदीच्या आत जाल तसा मुरगावच्या वेळेपेक्षा उशीर होतो. किती, ते तुमची वही सांगेल. आम्ही पौष पौर्णिमा धरतो: सूर्य मावळतो, चंद्र उगवतो, ओहोटी संपते, थोड्या वेळाने मानस मिटते.

स्वरलिपी लिहू नका. चार फूट लांबीचा कागद घ्या, वर मिनिटं टाका, खाली वहीतले तीन रकाने आडवे आखा. ‘पाणी-वारा’ आणि ‘जीव’ यांच्या ओळी आधी भरा, वहीत जे सापडलं त्यावरून. ‘आम्ही’ची ओळ शेवटी, फक्त जिथे वर मोकळी जागा दिसते तिथे. आमचा कागद गेल्या वर्षी असा होता.

पहिली दहा मिनिटं माणसाचा एकही आवाज नाही. प्रेक्षकांना ही दहा मिनिटं लांब वाटतात, वाटू द्या. मग बायका दोन बांधांवर समोरासमोर, ओठ मिटून एकच सूर. इथे आम्ही अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस (१९३२–२०१६) यांची एक साधी रीत उचलली: एका श्वासाला आपला सूर धरायचा, पुढच्या श्वासाला दुसऱ्या कुणाचा तरी ऐकलेला सूर आपल्या गळ्यात घ्यायचा. दहा बायकांचे दहा सूर हळूहळू एकमेकींकडे सरकतात, एक व्हायला आले की परत सुटतात. त्यातून चार ओळींचं गाणं वर येतं आणि जातं. मग मुलं: करवंट्या, ओल्या चिखलात पाय, वल्ह्यावरून निथळणारं पाणी. एका मडक्यात छोटा बॅटरीचा स्पीकर ठेवून त्यात पाण्याखालचे झिंगे. मडक्याला कान लावला तरच ऐकू येईल इतके हळू. मग बार्जचा घरघराट, शामेळवर, काठ्यांनी नव्हे तर बोटांनी, दीड मिनिट. आणि घुमट एक, तोंड झाकलेलं. दुसरं. तिसरं. चौथं.

घुमट किती वेळ वाजणार हे कागदावर लिहिलेलं नसतं. मानस मिटली की थांबायचं, एवढंच लिहिलं आहे. कधी तीन मिनिटं मिळतात, कधी अकरा.

याखेरीज दोन नियम कागदाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत आहेत. रातकिडे थांबले की सगळ्यांनी थांबायचं, ते सुरू झाल्यावरच पुढे. आणि विमान गेलं तर त्याला जाऊ द्यायचं. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत सुरू झाल्यापासून हा नियम लागला. पहिल्यांदा आम्ही विमानावर चिडून जोरात वाजवायचो. आता सगळे मान वर करून त्याचा आवाज संपेपर्यंत ऐकतात, आणि गंमत म्हणजे प्रेक्षकांना तेच क्षण सगळ्यात जास्त आठवतात.

तालीम

घरात चार, जागेवर तीन. घरातल्या तालमींत फक्त हळू वाजवायला शिका. समोरच्याचा श्वास ऐकू येईल एवढं हळू. मुरलेल्या घुमटवाल्याला याला दोन तालमी लागतात आणि तिसऱ्या तालमीत तो स्वतःच चकित होतो, इतके बारीक बोल त्या मडक्यात असतात.

जागेवर गेल्यावर अंतराचा घोळ कळतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. दोन बांधांत शंभर मीटर असले तर पलीकडचा ठोका जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो. मध्यलयीत मात्रा अर्ध्या सेकंदाची धरली तर हा निम्म्याहून जास्त मात्रेचा फरक झाला. एका तालात वाजवणं विसरा. आम्ही पहिल्या दोन तालमी एकमेकांना “लय सोडू नको रे” म्हणून ओरडण्यात घालवल्या, दोष कुणाचाच नव्हता. उपाय सोपा: लांबच्या माणसांनी सवाल-जवाब करायचा, एकत्र ठेका धरायचा तर दहा मीटरच्या आत बसायचं. खुणा हाताने, अंधारात लाल कागद लावलेल्या टॉर्चने.

परवानग्या आणि जीव सांभाळणं

पंचायत, आणि बांधाची देखभाल करणारी शेतकऱ्यांची संघटना या दोघांकडे लेखी अर्ज. मानशीवर मासळी धरण्याचा हक्क लिलावात घेतलेला माणूस असतो, त्याला आधी भेटा, कारण ओहोटीची वेळ ही त्याच्या कमाईची वेळ आहे. आमच्या प्रयोगाला तो स्वतः जाळं ओढतो, ते ओढणंही कागदावर आहे. ध्वनिवर्धक लावू नका. लावायचाच असेल तर वेगळी परवानगी लागते आणि रात्री दहानंतर तो चालत नाही. मोठी लाइफ जॅकेट दोन, दोर एक, पोहणारे दोघं. मांडवीच्या परिसरात मगरी आहेत, फोंड्याच्या बाजूच्या खाजनात तर ‘मानगे थापणी’ या विधीत चिखलाची मगर करून पुजतात. मुलांना पाण्याच्या कडेला एकटं सोडू नका. जाण्यायेण्याची फेरी किती वाजेपर्यंत आहे ते विचारून ठेवा. आम्ही एकदा अडकलो.

प्रयोगाच्या दिवशी

प्रेक्षक चाळीसच्या वर नकोत. बांध अरुंद असतो आणि चाळीस माणसांच्या चुळबुळीचाच आवाज पुष्कळ होतो. प्लॅस्टिकच्या खुर्च्या करकरतात, चटया द्या. वडीलधाऱ्यांसाठी लाकडी बाकं. गाड्या अर्धा किलोमीटर अलीकडे थांबवून सगळ्यांना चालत आणा, न बोलता. त्या चालण्यातच कान तयार होतात. दीपप्रज्वलन, मान्यवरांचं मनोगत, आभार हे सगळं आदल्या दिवशी देवळाच्या सभागृहात उरकून घ्या. गोव्यातल्या आयोजकांना ही सूचना सगळ्यात कठीण वाटते याची कल्पना आहे.

टाळ्या वाजवू नका असं सांगायला लागतं. मानस मिटली, घुमट थांबलं की किमान तीन मिनिटं तसंच बसायचं. तिसऱ्या वर्षी या तीन मिनिटांत नदीपलीकडे कुणाच्या तरी लग्नाचा डीजे सुरू झाला. आमचा ध्वनिमुद्रक हात जोडून आकाशाकडे बघत होता. ते मुद्रण आम्ही तसंच ठेवलं आहे. बेटावरच्या एका संध्याकाळचं ते खरं नादचित्र आहे, आवडो न आवडो.

नंतर

फाइलींना नावं त्याच रात्री द्या, तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, जागा या क्रमाने. दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. एक प्रत शाळेत, एक ढालोवाल्या बायकांकडे, पेनड्राइव्हवर. कुठलाही तुकडा नेटवर टाकण्याआधी ज्याचा गळा त्यात आहे त्याला तो ऐकवा आणि विचारा. आठवड्याभराने परत जागेवर जा, त्याच वेळेला, वही घेऊन. बगळे त्याच झाडांवर उतरत असतील तर पुढच्या वर्षी तिथेच करा. नसतील तर जागा बदला किंवा माणसं कमी करा.

सामान लगेच आवरून फळीवर टाकू नका. खाडीवरचा वारा खारा असतो. वायरी गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून वाळवा, घुमटं सावलीत उताणी ठेवा, कांसाळी नेली असतील तर त्यांना चिंच लावून घासा आणि धुऊन कोरडी करा. आमची गेल्या वर्षी फक्त नेली, वाजवली नाहीत, तरी हिरवी पडली होती.